सीझनच्या हॉटेल नोकरीत किचन घ्यावं की डायनिंग? आधी मंदीच्या आठवड्यांचं विचारा

प्रश्न असा आहे: वय चोवीस, आतापर्यंत ऑफिसात डेटा एन्ट्री केली, हॉटेलचा अनुभव काहीच नाही, आणि दोन रिसॉर्टकडून सीझनपुरती नोकरी समोर आलीय. एकीकडे किचन हेल्पर, दुसरीकडे रेस्टॉरंटमध्ये सर्व्हिस असिस्टंट. दुसऱ्या ठिकाणी तासाचा दर जास्त आणि वर टिप मिळेल म्हणतात. राहणं-खाणं दोन्हीकडे. कोणती घेऊ, आणि सीझन संपल्यावर पुढे काय, असं विचारलंय.

मी कॉमी, म्हणजे शेफच्या हाताखालचा सगळ्यात ज्युनियर कुक, म्हणून किचनमध्ये लागले, मधली काही वर्षं डायनिंगला काढली, आणि आता सीझनच्या आधी माणसं निवडायचं काम माझ्याकडे असतं, म्हणजे नोकरी मागणारी आणि देणारी अशा दोन्ही बाजू माहितीयत. त्यावरून सांगते, किचन की डायनिंग हा प्रश्न तुम्हाला वाटतोय तेवढा मोठा नाहीये. सीझनच्या नोकरीत शेवटी हातात काय उरतं हे ठरतं मंदीच्या आठवड्यांवर. सीझनची सुरुवात नि शेवट हे दोन्ही थंड असतात, तेव्हा निम्म्या खोल्या रिकाम्या, रेस्टॉरंटमध्ये टेबलं ओस, आणि मॅनेजमेंट पहिल्यांदा कापतं ते माणसांचे तास. मधल्या गर्दीत काम सगळ्यांनाच मिळतं, इतकं मिळतं की नको होतं. पण जाहिरातीत आणि फोनवर तुम्हाला चित्र दाखवतात ते त्या गर्दीच्या आठवड्यांचंच.

हे आकड्यात मांडून बघा, चलन कुठलंही धरा. समजा सोळा आठवड्यांचा सीझन आहे, त्यातले सात आठवडे मंदीचे नि नऊ गर्दीचे. एका ठिकाणी तासाला ११० देतात पण तासांची हमी नाही, मंदीत आठवड्याला २५ तास मिळतात, गर्दीत ५०. दुसऱ्या ठिकाणी तासाला १०० च देतात पण लेखी लिहिलंय की आठवड्याला किमान ४० तास देऊच, गर्दीत तिथेही ५०. पहिल्याचे एकूण तास होतात ६२५, कमाई ६८,७५०. दुसऱ्याचे ७३० तास, कमाई ७३,०००. दर कमी असून पैसे जास्त. आणि खोलीचं भाडं जर पगारातून कापत असतील तर ते काम २५ तास असो की ५०, दर आठवड्याला तेवढंच कापलं जातं, म्हणजे मंदीच्या आठवड्यात कमाई निम्मी झाली तरी कपात तीच, तिथे ती जास्त बोचते. त्यामुळे दोन्ही ठिकाणी फोन करून एवढंच विचारा: पहिल्या तीन आठवड्यांत आणि शेवटच्या तीन आठवड्यांत मला किमान किती तास मिळतील, आणि ते करारात लिहून देणार का. जो माणूस याचं सरळ उत्तर देतो, मग ते उत्तर फार चांगलं नसलं तरी, तिथे जायला मला कमी भीती वाटते. "अहो काम भरपूर असतं, त्याची काळजीच नको" हे उत्तर नाहीये.

आता हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधीच बोलून टाकते. तुम्हाला महिन्याचा ठरलेला पगार देणार असतील तर वरचा हिशोब उलटा होतो, मग मंदीचे आठवडे तुमच्या फायद्याचे आणि प्रश्न गर्दीचा, की जादा तासांचे पैसे देणार, बदली सुट्टी देणार, की "सीझन आहे, करावं लागतं" म्हणून सोडून देणार. नोकरी दुसऱ्या देशात असेल तर व्हिसा कुठल्या प्रकारचा, मालक बदलता येतो का, हे मी इथून सांगू शकत नाही, ते त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर स्वतः वाचा, एजंटच्या तोंडून नको. टिप, किमान वेतन, ओव्हरटाइम यांचे नियमही देशागणिक वेगळे.

पण काही गोष्टींना मी कुठेही गेले तरी हो म्हणणार नाही. एक, नोकरी मिळवून द्यायचे पैसे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा हॉटेल-रेस्टॉरंट कामगारांसाठी १९९१ चा एक करार आहे, क्रमांक १७२, त्यात सरळ म्हटलंय की अशा ठिकाणी नोकऱ्यांची खरेदी-विक्री बंद व्हायला हवी, आणि टिप मिळो न मिळो, कामगाराला मूळ पगार ठरलेल्या मुदतीने मिळायला हवा. याच संघटनेचा १९९७ चा करार क्रमांक १८१ खासगी एजन्सींबद्दल आहे, काही अपवाद सोडले तर एजन्सीने कामगाराकडून फी घेऊ नये असं तो सांगतो. हे करार ज्या देशांनी मान्य केलेत त्यांनाच बांधील असतात, सगळ्यांना नाही, तरी समोरचा माणूस कसा आहे हे ओळखायला उपयोगी पडतात. दोन, पासपोर्ट किंवा मूळ ओळखपत्र "ऑफिसच्या तिजोरीत सुरक्षित राहील" म्हणून ठेवून घेणं. झेरॉक्स द्या, नोंदणीसाठी मूळ दाखवा आणि परत घ्या. कामगाराची कागदपत्रं अडकवून ठेवणं हे या संघटनेच्या सक्तीच्या मजुरीच्या लक्षणांमध्ये मोजतात, तेव्हा हे मागितलं तर नम्रपणे नाही म्हणायला घाबरू नका.

राहण्याबद्दल थोडं. "राहणं-खाणं फुकट" या तीन शब्दांत काहीही बसतं. एका खोलीत किती जण, कपाटाला कुलूप आहे का, गरम पाणी, कपडे धुवायची सोय, खोली हॉटेलच्या आवारात की लांब, लांब असेल तर रात्री शिफ्ट सुटल्यावर गाडी आहे का. डायनिंगवाल्यांची शिफ्ट शेवटचा गेस्ट उठेपर्यंत लांबते आणि नंतर सकाळचं सेटअप करून निघायचं असतं, तेव्हा रात्री उशिरा अनोळखी रस्त्याने चालत जायचं की नाही हा मोठा मुद्दा आहे, मुलींसाठी तर पहिलाच. जेवणाचं विचारा की सुट्टीच्या दिवशी मिळतं का. हसू नका, कित्येक ठिकाणी स्टाफ कॅफेटेरियात फक्त ड्युटीवर असलेल्याची नोंद असते. आणि कपाती: खोली, युनिफॉर्म, त्याचं डिपॉझिट, गाडी, हे सगळं एका कागदावर मागून घ्या.

आता किचन की डायनिंग.

किचन हेल्पर हा शब्द रिसॉर्टप्रमाणे बदलतो, त्यामुळे पहिल्यांदा विचारा की मी शेफच्या हाताखाली की स्टुअर्डिंगच्या. स्टुअर्डिंग म्हणजे भांडी, पॉट वॉश, मशीनला रॅक लावणं, कचरा, फरशी, बुफेची भांडी मांडणं-काढणं. शेफच्या हाताखाली असाल तर सोलणं, चिरणं, माल आत घेणं, लेबल लावणं, स्टाफच्या जेवणात मदत, बुफेचं रिफिल. दोन्ही कामं अंगमेहनतीची आहेत आणि दोन्ही ठिकाणी शिकता येतं, पण स्टुअर्डिंगमध्ये शिकायचं तर स्वतःहून शिकावं लागतं, कोणी बोलावून शिकवत नाही. मी स्वतः माणसं निवडताना बघितलंय की पॉट वॉशला असलेला मुलगा जर रिकाम्या वेळात कांदे सोलायला येऊन उभा राहिला तर गर्दी सुरू झाल्यावर तोच पहिला वर उचलला जातो. कारण गर्दीचे पहिले दोन-तीन आठवडे झाले की काही माणसं न सांगता निघून जातात, हे जवळपास प्रत्येक सीझनला होतं, कॉमीची जागा रिकामी पडते आणि बाहेरून माणूस आणायला वेळ नसतो. एरवी ज्या जागेसाठी वर्षभर थांबावं लागेल ती सीझनमध्ये महिन्याभरात मिळू शकते. मला सीझनची नोकरी आवडते ती मुख्यतः यासाठी.

डायनिंगला सर्व्हिस असिस्टंट म्हणजे सुरुवातीला ऑर्डर घेणं नव्हेच. पासवरून, म्हणजे किचन तयार प्लेट ठेवतं त्या काउंटरवरून, प्लेट उचलून टेबलापर्यंत नेणं, टेबल क्लिअर करणं, ग्लास-कटलरी पुसणं, साइडबोर्ड म्हणजे कटलरी-नॅपकिनचं कपाट भरणं, पाणी, बुफेवर उभं राहणं. ऑर्डर कॅप्टन (वेटरांचा प्रमुख) किंवा सीनियर घेतो, केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, तोच पाडतो. म्हणजे गेस्टशी गोड बोलायचं काम असं जे लोकांना वाटतं ते पहिल्या महिन्यात फारसं नसतं, चालणंच जास्त असतं. पण भाषा लागते. गेस्ट ज्या भाषेत बोलतात ती तुम्हाला तोडकी-मोडकी का होईना पटकन कळत असेल तर डायनिंग घ्यायला हरकत नाही, कळत नसेल तर पहिला सीझन फार ताणाचा जातो, किचनमध्ये तेवढीच भाषा दोन आठवड्यांत कानावर पडून होऊन जाते कारण तिथे शब्द मोजकेच असतात.

स्वभावाचं पण बघा. किचनमध्ये उष्णता आणि आवाज थकवतात, डायनिंगमध्ये माणसं थकवतात. किचनमध्ये कोणी ओरडलं तर सर्व्हिस संपेपर्यंत ते संपलेलं असतं, बहुतेक वेळा तरी. डायनिंगमध्ये गेस्ट उगाच बोलला तर चेहरा तसाच ठेवून पुढच्या टेबलाला जायचं असतं, हे ज्यांना जमत नाही त्यांना रात्री झोप लागत नाही. तुम्ही डेटा एन्ट्रीचं काम करत होता म्हणजे कदाचित एकट्याने, नीट, एका लयीत काम करायची सवय असेल, तसं असेल तर मला किचनचं कोल्ड सेक्शन (सॅलडसारखे थंड पदार्थ) किंवा बेकरी तुमच्यासाठी बरी वाटते, तिथे वजनं, मापं, तारखा, लेबलं यांना फार किंमत आहे. अर्थात हे मी न भेटता बोलतेय.

टिपचं. टिप मिळते हे खरं, पण विचारायचं ते कशी वाटतात. काही ठिकाणी ज्याचं टेबल त्याची टिप, तिथे असिस्टंटला सीनियर जे देईल ते. काही ठिकाणी सगळी एकत्र करून पॉइंटने वाटतात, कॅप्टनचे पॉइंट जास्त, असिस्टंटचे कमी, किचनला वाटा कधी असतो कधी नसतो. रिसॉर्टचं पॅकेज ऑल-इन्क्लुझिव्ह असेल, म्हणजे जेवणखाण आधीच भरलेल्या पैशांत, तर गेस्टला बिलच दिसत नाही, मग टिप बरीच कमी होते. सर्व्हिस चार्ज बिलात लावत असतील तर तो स्टाफपर्यंत पोचतो का, हेही विचारायचं. म्हणून टिप हिशोबात धरूच नका, मिळाली तर बोनस. फोनवर जर पगाराबद्दल विचारल्यावर उत्तर टिपने सुरू होत असेल तर समजून जा की पगार कमी आहे.

शिफ्टचा प्रकार दोन्हीकडे विचारा. ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी काही तास, दुपारी सुट्टी, संध्याकाळी परत. कागदावर आठ-नऊ तास दिसतात पण सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत दिवस त्यातच जातो. खोली आवारात असेल तर दुपारी झोप काढता येते आणि ब्रेक शिफ्ट सहन होते, खोली लांब असेल तर ती दुपार जाण्या-येण्यात जाते. ब्रेकफास्टची शिफ्ट मिळत असेल तर नवीन माणसाने आनंदाने घ्यावी असं माझं मत. पहाटे उठावं लागतं, पण मेन्यू ठरलेला, तेच काम रोज, हात लवकर बसतो, आणि दुपारनंतर दिवस तुमचा.

आतापर्यंतचं एका दमात: मंदीतले तास लेखी, कपातींचा कागद, खोली कुठे, शिफ्ट कुठली, टिप कशी वाटतात, आणि पद किचन असेल तर नेमकं कोणाच्या हाताखाली. एवढी उत्तरं दोन्हीकडून आली की निवड आपोआप होईल, मला विचारायचीही गरज पडणार नाही.

अजून एक गोष्ट तुमच्या हातात आहे, कधी जॉइन व्हायचं. बरेच जण म्हणतात सुरुवातीला काम नसतं तर मी गर्दी सुरू झाल्यावर येतो. पैशाच्या दृष्टीने ते पटतं, पण अनुभव नसेल तर असं करू नका. उघडण्याच्या आधीचा आठवडा, डीप क्लीनिंग, माल लावणं, मेन्यूची ट्रायल, हा एकच काळ असतो जेव्हा शेफकडे आणि कॅप्टनकडे शिकवायला वेळ असतो. कुठली वस्तू कुठे, वॉक-इनमध्ये, म्हणजे आत शिरता येतं त्या मोठ्या फ्रिजमध्ये, कुठल्या रॅकवर काय, चमचे कुठल्या ड्रॉवरमध्ये, हे तेव्हा पायाखालचं होऊन जातं. गर्दीत जो येतो त्याला हे कोणी सांगत नाही, तो विचारतो, सगळे घाईत असतात, कोणीतरी खेकसतं, आणि चौथ्या दिवशी तो सामान बांधतो. माझ्याकडे दोन सारखेच अर्ज आले तर मी आधी येऊ शकणाऱ्याला घेते, आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबणाऱ्याला तर नक्की. पुष्कळ रिसॉर्ट सीझन पूर्ण केल्यावर बोनस देतात, त्याची अट नीट वाचा, शेवटची तारीख मालकाने पुढे ढकलली तर बोनसचं काय होतं ते पण.

पहिल्या दोन आठवड्यांत वेगाची अपेक्षा कोणी करत नाही, निदान शहाणा शेफ तरी नाही. बघतात ते वेळेवर येता का, हात धुता का, आणि न कळलेलं विचारता का. मिझाँ प्लास हा शब्द रोज ऐकाल, म्हणजे सर्व्हिस सुरू व्हायच्या आधी सगळं चिरून, मोजून, जागेवर ठेवून तयार असणं. हेल्परचं निम्मं काम हेच. लेबलवर तारीख आणि वेळ टाकल्याशिवाय काही आत ठेवू नका, जुना माल पुढे नवा मागे. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे तो पाठ करा: थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअसच्या खाली, गरम पदार्थ ६० च्या वर, शिजवताना आतपर्यंत ७०, आणि शिजलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. काही देशांचे आकडे एक-दोन अंशांनी इकडेतिकडे असतात, तिथला चार्ट भिंतीवर लावलेला असतो तो बघा. बुफेवर नवीन माणसं एक चूक हमखास करतात, अर्ध्या रिकाम्या ट्रेमध्ये वरून ताजं ओततात. ट्रे पूर्ण बदलायचा असतो. जुन्यावर नवं घातलं की तळाशी जे तासन् तास बसलंय ते तसंच राहतं.

शरीर सांभाळायच्या गोष्टी, यात कंजूषपणा करू नका. गरम भांडं कोरड्या फडक्यानेच धरायचं, ओल्या फडक्यातून उष्णता झटकन हाताला येते आणि वाफेने भाजतं. चॉपिंग बोर्डखाली मात्र ओलं फडकं, म्हणजे तो सरकत नाही. बोथट सुरीने धारदारपेक्षा जास्त वेळा हात कापतो कारण जोर लावावा लागतो आणि ती निसटते. सुरी सिंकमध्ये पाण्याखाली कधीही सोडायची नाही, धुणाऱ्याला ती दिसत नाही. कोणाच्या मागून जाताना "मागे", "गरम" असं मोठ्याने बोलायचं, लाज वाटते पहिले दोन दिवस, नंतर तोंडाला बसतं. भाजलं तर वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं, बर्फ नको, टूथपेस्ट नको, आणि सुपरवायझरकडे त्याची नोंद करायची, छोटं असलं तरी, कारण पुढे औषधोपचाराचा खर्च कोणाचा हा प्रश्न आला तर ती नोंदच कामाला येते. तेलाने पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही, झाकण किंवा फायर ब्लँकेट.

आणि आजारपण. एका खोलीत चार-सहा जण राहतात, तेच अन्न हाताळतात, त्यामुळे पोटाचा व्हायरस शिरला की दोन दिवसांत अर्धा स्टाफ आडवा. उलटी-जुलाब होत असतील तर कामावर यायचं नाही आणि थांबल्यानंतरही ४८ तास अन्नाला हात लावायचा नाही, पुष्कळ देशांत हाच नियम आहे. हँड सॅनिटायझर नोरोव्हायरसवर, म्हणजे उलटी-जुलाबाच्या नेहमीच्या व्हायरसवर, नीट चालत नाही, साबण-पाणीच लागतं. यात गोम अशी की तासावर पगार असलेला माणूस ते दोन दिवस बुडतील म्हणून सांगतच नाही. म्हणून आजारी पडलो तर पैसे मिळतात का, हाही प्रश्न आधीच्या यादीत घाला.

डायनिंगला गेलात तर ॲलर्जीच्या बाबतीत एकच नियम, अंदाजाने कधी उत्तर द्यायचं नाही. गेस्टने विचारलं यात शेंगदाणे आहेत का, तर "नसावेत" हे उत्तर चालत नाही, किचनमध्ये जाऊन शेफला विचारून यायचं. कायद्याने सांगावे लागणारे ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारे घटक, युरोपियन युनियनच्या यादीत १४ आहेत, अमेरिकेच्या यादीत ९, त्यातलं नववं म्हणजे तीळ, ते २०२३ पासून धरलं जातं. तुम्ही जाल तिथली यादी ब्रीफिंगमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या आधीच्या छोट्या मीटिंगमध्ये, मागा. नवीन माणसाने असं विचारलं की कॅप्टनच्या लक्षात राहतं.

स्टाफ क्वार्टरबद्दल बोलावं की नको असा विचार करत होते. बोलते. गर्दीच्या आठवड्यांत रात्री काम संपलं तरी डोकं चालूच राहतं, लगेच झोप येत नाही, मग कोणाच्या तरी खोलीत बैठक बसते, पिणं होतं, पत्ते होतात, उधारी होते. एकदम अलिप्त राहिलात तर एकटे पडता, रोज बसलात तर पगार आणि झोप दोन्ही जातं. सुट्टीच्या आदल्या रात्रीच बसायचं असा नियम करणारे लोक मी पूर्ण सीझन टिकलेले बघितलेत. उधार देऊ नका, सीझन संपला की माणूस सापडत नाही.

रोज किती वाजता आलो, किती वाजता सुटलो, हे मोबाइलमध्ये किंवा वहीत लिहा. पगाराच्या स्लिपशी दर वेळी ताडून बघा. भांडण करायला नव्हे, तास टाकणारा माणूसही गर्दीत थकलेला असतो, चुका होतात, आणि त्याच महिन्यात दाखवलं तर दुरुस्त होतात. सीझन संपल्यावर दाखवलं तर कोणी ऐकत नाही.

पुढे काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. सीझनची नोकरी म्हणजे टाइमपास, खरं करिअर वर्षभराच्या हॉटेलात, असं लोक सांगतात. मला ते पटत नाही. आज सगळीकडे किचनमध्ये जी सेक्शनवार रचना दिसते, शेफ द पार्टी (एका सेक्शनचा प्रमुख), कॉमी वगैरे, तिचं श्रेय ज्या फ्रेंच शेफ ऑग्युस्त एस्कॉफियेला देतात तो स्वतः सीझनचा माणूस होता. १८८४ पासून तो हॉटेल चालवणाऱ्या सीझर रिट्झबरोबर हिवाळ्यात मोंटे कार्लोच्या ग्रँड हॉटेलात आणि उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या नॅशनल हॉटेलात काम करायचा, १८९० मध्ये दोघं लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलला गेले ते त्यानंतर. म्हणजे एक सीझन संपतो तिथे दुसऱ्या ठिकाणचा सुरू होतो, अशी जोडी लावणं या धंद्यात जुनंच आहे. डोंगर आणि समुद्र, हिवाळा आणि उन्हाळा, अशी दोन ठिकाणं पक्की झाली की वर्ष भरतं, आणि दोन वेगळ्या किचनची शिस्त एका वर्षात बघायला मिळते. तोटाही सांगते, घर असं राहत नाही, मधले रिकामे आठवडे स्वतःच्या खिशातून काढावे लागतात, आणि लग्न-मुलं झाल्यावर हे कठीण जातं. चोवीसाव्या वर्षी दोन-तीन सीझन करायला काही हरकत नाही, चाळिशीत मी सुचवणार नाही.

जोडी लावायची तर कामाला लागायचं ते सीझन संपायच्या महिनाभर आधी. शेफला, मॅनेजरला विचारा की पुढे कुठे माणसं लागतायत, त्यांच्या ओळखी असतात, एका फोनवर काम होतं जे वीस अर्जांनी होत नाही. अनुभवाचं पत्र शेवटच्या आठवड्याच्या आधीच मागून ठेवा, त्यात पद, तारखा आणि कुठल्या सेक्शनला काम केलं ते लिहून घ्या. मध्येच हेल्परवरून कॉमी झाला असाल तर तेही त्यात यायला हवं. शेवटच्या दिवशी एचआरवाले स्वतःच बॅगा भरत असतात, आणि हॉटेल बंद झालं की पुढचे काही महिने मेलला उत्तर येत नाही.

जाताना सामान थोडं न्या, पण बूट चांगले न्या. पुढून बंद, न घसरणारे, आणि आठवडाभर आधी घरात घालून मऊ केलेले, नवे कोरे नकोत. सुती मोजे बरेच, दोन पेन, एक मार्कर लेबलसाठी, खिशात मावणारी वही, स्वतःचं कुलूप, कानात घालायचे बोळे कारण खोलीतला कोणीतरी घोरणारच. सुरी विकत घेऊ नका, हेल्परला हॉटेलची मिळते, तुमची आवड पक्की झाली की मग बघा. दोन्ही ठिकाणचे किमान तास आणि कपाती कळल्या की इथेच लिहा, नावं नको, नुसते आकडे टाका, हिशोब करून सांगते.